उष्टा चमचा

ज्यांच्या घरात कुणाला पाण्याच्या घोटाने ठसका लागतो, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनीही वाचावं, पण हातात चहाचा कप असेल तर आधी तो संपवून टाका. आजारपणात माझ्यासमोर बसून कुणी चहा फुरकला की मला त्या माणसाचा राग यायचा. बरी झाले तरी ती खोड पुरती गेलेली नाही.

आणि मी काही सोशिक पेशंट नव्हते, हेही आधीच सांगते. "किती धीराने घेतलंत हो," असं कुणी म्हणालं की माझा नवरा प्रकाश तोंड फिरवून हसतो. मी धीराने काहीच घेतलं नाही. जे मिळवलं ते भांडून.

मधली सुट्टी

भाईंदर पूर्वेच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. एकेका वर्गात मुलं नुसती कोंबलेली, त्यामुळे माझा आवाज पहिल्यापासून चढा. जाधव बाई कुठल्या वर्गावर आहेत हे शिपायाला कधी शोधावं लागायचं नाही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये पाणी प्यायले आणि ते नाकातून बाहेर आलं. वाटलं, बोलता बोलता प्यायले म्हणून. दुसरा घोट घेतला, तोही नाकातून. मग जमीन एका बाजूला कलली. कुणीतरी मला धरून खुर्चीत बसवलं. बाईंना ऊन लागलंय असं सर्वानुमते ठरलं, आणि ऊन लागलेल्या माणसाला आपल्याकडे जे देतात तेच मला दिलं. लिंबाचं सरबत, ग्लासभर, मायेने, डोकं मागे धरून. ते सगळं चुकीच्या वाटेने छातीत गेलं. देणारीला बोल लावत नाही, माझं मलाच कळत नव्हतं तर तिला काय कळणार?

जवळच्या नर्सिंग होमने हात वर केले आणि मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकांच्या गर्दीत मला नेणारी व्हॅन अडकली. प्रकाश खाली उतरून ट्रकवाल्यांना हिंदीत शिव्या देत होता. टपाल खात्यातला हा मवाळ माणूस. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला शिव्या येतात हे मला त्या नाक्यावर कळलं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मेंदूच्या मागच्या बाजूची एक बारीक रक्तवाहिनी बंद झालीय. हातपाय वाचले. पण घशाची डावी बाजू लुळी पडलीय. आवाज आणि गिळणं, दोन्हींवर परिणाम झालाय. किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही." मग ते माझ्या डोक्यावरून नर्सला म्हणाले, "तोंडाने काही द्यायचं नाही. पाणी बंद."

पाणी बंद हे शब्द आमच्या घरात ऐकून सोडून देण्यातले नाहीत. माझे आजोबा महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्या गर्दीतले. लहानपणी मी विचारायचे, "आजा, पाणी कसं लागलं?" ते म्हणायचे, "गढूळ व्हतं गो. पर ओंजळभर प्यालो." त्यांची मी नात, आणि मला पाणी बंद? घशातून आवाज फुटत नव्हता म्हणून ते डॉक्टर वाचले.

नळी

नाकातून पोटात नळी घातली. दूध, डाळीचं पाणी, फळांचा गाळलेला रस, सगळं मोठ्या सिरिंजने त्या नळीतून. पोट भरायचं आणि तोंडाला पत्ता नसायचा. सकाळी वॉर्डात चहाची किटली फिरायची. शेजारच्या खाटेवरच्या आजी बशीत ओतून, फुंकर घालून, आवाज करत चहा प्यायच्या. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे थुंकी. आपण दिवसभर थुंकी गिळत असतो हे निरोगी माणसाच्या लक्षातही येत नाही. मला ती गिळता येईना. हातात कायम एक स्टीलचं भांडं. पाहुणे आले की मी ते पदराखाली झाकायचे. मग एक दिवस झाकणं सोडून दिलं. ज्याला किळस येते त्याने येऊ नये. काही नातेवाईक त्यामुळे आपोआप कमी झाले, हा आजारपणाचा फायदाच म्हणायचा.

भीती वाटत नव्हती असं नाही. मरणाची वाटायची, पण त्याहून जास्त याची वाटायची की आता जन्मभर मी लोकांना जेवताना बघत बसणार. हळदीकुंकू नाही, बारसं नाही, लग्नाची पंगत नाही. जिथे माणसं जमतात तिथे खाणंपिणं असतंच, आणि मी नाकातली नळी सांभाळत कोपऱ्यात.

इस्पितळात गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी मला पहिल्यांदा माणसासारखं, समोर बसून समजावलं. "पातळ पळतं, बाई. तुमचा घसा दार लावायच्या आत ते श्वासनलिकेत शिरतं. घट्ट असलं की सावकाश उतरतं, तेवढ्यात दार लागतं." मान लुळ्या बाजूला, म्हणजे डावीकडे वळवायची, हनुवटी छातीशी न्यायची आणि जोर लावून गिळायचं. मी दिवसभर रिकामंच गिळत बसायचे. शेजारच्या आजींना वाटायचं, बाई डोक्याने गेली.

एके सकाळी मॅडमनी आरारुटाची चमचाभर घट्ट खीर माझ्या जिभेवर ठेवली. मान वळवली, जोर लावला आणि ती खाली गेली. गोड लागली. मी रडले, आणि रडताना ठसका लागला म्हणून मॅडमनी मला रागावलं.

पुढे नळी काढली, पण अटीवर. डॉक्टर म्हणाले, "घरी सगळं घट्ट करूनच प्यायचं. पुन्हा छातीत कफ धरला, ताप आला, तर धोका घेता येणार नाही. पोटाला भोक पाडून तिथून नळी बसवावी लागेल. बहुधा कायमची."

मी फाटक्या आवाजात म्हटलं, "नाही बसवणार."

"बघू," ते म्हणाले.

मीही मनात म्हटलं, बघूच.

खळ

आमचा ब्लॉक भाईंदरच्या जेसल पार्कला. नायगावच्या चाळीतून इथे आलो ते स्वतःच्या चार भिंती हव्यात म्हणून. भिंती मिळाल्या, पाणी नाही मिळालं. नळाला एक दिवसाआड करंगळीएवढी धार यायची, बाकी सगळा टँकरचा कारभार. टँकर आला की अख्खी बिल्डिंग हंडे-बादल्या घेऊन जिन्यावरून धावायची, खाली भांडणं जुंपायची. आणि ज्या पाण्यासाठी खाली ही मारामारी, तेच वर मला बंद.

माझं करायला सासूबाई महाडजवळच्या गावाहून आल्या. मी त्यांना आई म्हणते. प्यायचं घट्ट करायची तयार पावडर परदेशात मिळते असं मॅडम म्हणाल्या होत्या. भाईंदरच्या केमिस्टकडे प्रकाशने चौकशी केली तर त्याने शक्तिवर्धक पावडरचा डबा पुढे केला. म्हणून आमचं आरारूट बरं.

ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांच्यासाठी नीट सांगते. आरारूट आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं. थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, आणि असल्या घशाला गुठळी म्हणजे दगड. गरम असताना ते पातळच वाटतं, कोमट झाल्यावर आळतं, म्हणून चुलीवरच्या भांड्यात बघून काही ठरवायचं नाही. कोमट झाल्यावर चमचा तिरका करावा. पाण्यासारखी धार लागली तर नको. मधासारखं जाड, आळशीपणाने खाली आलं तर माझ्यासाठी चाले. तुमच्या माणसाला किती घट्ट हवं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या मापाने जाऊ नका.

नाचणीची आंबील अशीच केली, डाळीचं पाणी असंच, सरबतही असंच. हट्टाने चहासुद्धा करायला लावला. सासूबाईंनी चमचा उचलून बघितला आणि म्हणाल्या, "सुमन, ह्यो चाय हाय का पोस्टर चिकटवायची खळ?"

खळच होती. पण ती मी तोंडाने प्यायले.

आमच्यात उष्टं मानत नाहीत

आता मुद्द्याचं. उष्टं हा शब्द आमच्या माणसांनी फार सोसलाय. माझ्या पणजीने लोकांच्या दारचं उष्टं पदरात घेऊन पोरं वाढवली. म्हणून माझ्या वडिलांनी घरात नेमच घातला होता. या घरात कुणी कुणाचं उष्टं मानायचं नाही. एका ताटात जेवायचं, एका पेल्याने प्यायचं. सासरी आले तर इथेही तेच. कुणाला ही अस्वच्छता वाटेल. आमच्यासाठी ती ताठ मानेची गोष्ट होती आणि आहे.

सासूबाई मला भरवायच्या तेव्हा आधी चमचा स्वतःच्या ओठाला लावून बघायच्या, फार गरम नाही ना. मग तोच चमचा माझ्या तोंडात, आणि तोच परत वाटीत. पुढचा घासही तसाच. त्यात माया होती, मला ती दिसत होती.

अर्धी वाटी सुरळीत जायची. उरलेल्या अर्धीला हमखास ठसका. साधा नाही, डोळे पांढरे करणारा. घशाचे स्नायू दमतात असं मॅडम म्हणाल्या होत्या, म्हणून आम्ही धरून चाललो की सुमन दमते. मग सासूबाई अर्धी वाटी झाकून ठेवायच्या, मला विसावा द्यायच्या आणि थोड्या वेळाने उरलेली भरवायच्या. त्याने तर ठसका आणखी वाढायचा. "विसाव्यानं बी तुला बरं वाटंना, काय करू गो?" असं म्हणून त्या स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायच्या.

हंसाबेन

समोरच्या दारात हंसाबेन राहतात. चांगला शेजार. लोणच्याच्या बरण्या इकडून तिकडे, टँकर आला की एकमेकींच्या दारावर थाप. तरी एक गोष्ट माझ्या मनात होती. त्यांच्या घरी गेलं की बाकीच्यांना स्टीलच्या पेल्यात चहा यायचा आणि मला काचेच्या ग्लासात. पाहुणी म्हणून चांगलं भांडं, की वेगळं भांडं? मी कधी विचारलं नाही. शेजार टिकवायचा तर काही प्रश्न पोटात ठेवावे लागतात.

एके सकाळी सासूबाई टँकरवर गेल्या होत्या, तेव्हा हंसाबेन स्वतः केलेली आरारुटाची कांजी घेऊन आल्या. "सुमनबेन, थोडा पी लो ने. मैंने खुद बनाया है, गांठ एक भी नहीं."

त्या भरवायला बसल्या. एका चमच्याने भांड्यातली कांजी काढायच्या आणि वरच्या वर माझ्या चमच्यात रिकामी करायच्या. त्यांचा चमचा माझ्या चमच्याला शिवू द्यायच्या नाहीत. शिवू द्यायच्या नाहीत, हे आत्ता लिहिताना सहज लिहून गेले. तेव्हा तो शब्द माझ्या छातीत जाऊन बसला होता. सगळी कांजी ठसक्याशिवाय उतरली, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. सकाळची वेळ, दमले नसेन, एवढंच मनात आलं. मी डोळ्यांनी फक्त ते दोन चमचे मोजत होते.

त्या गेल्यावर मी सासूबाईंना सांगितलं, "उद्यापासून त्यांची कांजी नको."

"बरी बाई हाय गो ती."

"आपल्याला चमचा शिवू न देणारी?"

"ती नवऱ्यालाबी तशीच वाढते. मी बघितलंय."

"मग नवऱ्याला वाढू दे."

ताप

पुढे काही दिवसांतच ताप आला. जवळच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि मान हलवली. औषधं दिली. "मोठ्या इस्पितळात पुढच्या आठवड्यात दाखवायचंय ना? आता ते काय म्हणतात बघू."

ते काय म्हणणार हे मला पाठ होतं.

दोन दिवसांनी ताप उतरला, पण ठसका तसाच. सकाळी प्रकाश डबा भरता भरता थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "घे ना ती नळी. जगशील तरी. मी रोज संध्याकाळी जिना चढताना कान देऊन असतो, वरून खोकल्याचा आवाज येतोय का. आला तरी भीती, नाही आला तरी भीती."

"मला तोंडाने प्यायचंय."

"मला तू हवीयस. तोंडाने जेवतेस का पोटाने, मला काही फरक पडत नाही."

"मला पडतो ना!"

तो डबा तसाच ठेवून गेला. त्याची माया खरी होती आणि मला त्याचा मनस्वी राग आला होता, दोन्ही एकदम. आजारी माणसाच्या घरात असं होतं. कुणी वाईट नसतं आणि तरी सगळ्यांना एकमेकांचा राग येतो.

तीन थुंक्या

त्याच दुपारी पुन्हा तेच. अर्धी वाटी गेली, मग ठसका. सासूबाई वाटी झाकून टँकरकडे धावल्या. मी उठले. ही उरलेली कांजी आता मोरीत ओतून टाकायची, या घरात कुणी परत विसाव्याचं नाव काढायचं नाही, अशा तिरीमिरीत वाटी उचलली, तर आतून डुचमळली.

डुचमळली? कांजी डुचमळत नाही. झाकण काढून बघितलं तर वाटीत जवळजवळ पाणी. मी ओट्यावरचं पातेलं तिरकं केलं. त्यातली तीच कांजी, त्याच वेळी केलेली, जागची हलेना.

मी दोन्ही भांड्यांकडे बघत उभी राहिले. वाटीत काय गेलं होतं जे पातेल्यात गेलं नव्हतं? चमचा. माझ्या तोंडातून आलेला, सासूबाईंच्या ओठाला लागलेला.

वर्षानुवर्षं मी मुलांना हे फळ्यावर शिकवत आले. लाळ पिष्ट पदार्थांचं पचन करते. परीक्षानळीत कांजी घ्या, लाळ टाका, थोड्या वेळाने आयोडीन टाका. पिष्ट असेल तर गडद निळं, नसेल तर निळं होत नाही. दरवर्षी मुलं परीक्षानळीत थुंकायच्या वेळी खिदळायची आणि मी डस्टर आपटायचे. माझा घसा दमत नव्हता. प्रत्येक घासाबरोबर वाटीत लाळ जात होती आणि ती कांजीचं पाणी करत होती. विसावा दिला की आणखी पाणी. पाणी मला बंद होतं, आणि तेच मला मायेने चमच्या-चमच्याने पाजलं जात होतं.

घरात जखमेवर लावायचं टिंचर आयोडीन होतं. मी दोन वाट्यांत कोमट कांजी घेतली, एकीत माझ्या भांड्यातली थुंकी ढवळली. थुंकीची मला तेव्हा कमतरता नव्हती. सासूबाई हंडा घेऊन वर आल्या, त्यांच्या मागे बादली घेऊन हंसाबेन. दोघींनी ओट्यावरचा पसारा बघितला. मी दोन्ही वाट्यांत टिंचर टाकलं. कोऱ्या वाटीत शाईसारखं निळं झालं. थुंकीच्या वाटीत नुसताच तांबूस रंग पसरला. काय झालं ते मी फाटक्या आवाजात सांगितलं.

हंसाबेन टाळी वाजवून म्हणाल्या, "देखा? इसीलिए तो बोलते हैं, जूठा नहीं करने का!"

सासूबाईंचा चेहरा पडला. "म्हंजी ती खरी, आन आपन खोटं?"

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या पणजीचं उष्टं, माझ्या वडिलांचा नेम, हे सगळं एका वाटीत बुडवून द्यायला मी तयार नव्हते. मी आणखी तीन वाट्या मांडल्या, तिन्हींत कांजी घातली आणि म्हटलं, "थुंका. आई, तुम्ही एकीत. मी एकीत. आणि हंसाबेन, तुम्ही."

"मैं? छी छी, सुमनबेन!"

"थुंका!"

फाटका असला तरी तो आवाज शाळेत आठवी बच्या वर्गापर्यंत पोहोचला असता. हंसाबेन घाबरल्या. तोंडावर पदर घेऊन, भिंतीकडे वळून त्यांनी आपल्या वाटीत थुंकी टाकली. आम्ही तिघी ओट्यापाशी उभ्या राहून वाट बघत होतो. खाली टँकरवाल्याशी कुणाचंतरी भांडण चाललं होतं, पण आमच्यातली एकही हलली नाही.

मग मी टिंचर टाकलं. तिन्ही वाट्या तांबूस. फक्त सासूबाईंची जरा जास्तच फिकी. त्या खुलल्या. "बघ, माझी थुंकी लई जोराची हाय."

मी हंसाबेनना हिंदीत म्हटलं, "तुमची, माझी, ह्यांची, सगळ्यांची थुंकी कांजीला सारखीच. कांजीला जात कळत नाही. दोन चमचे मी वापरणार, पण ते कांजीसाठी. विटाळासाठी नाही. उद्या मी बरी झाले की या घरात पुन्हा एकाच ताटात जेवणार."

त्यांनी तिन्ही वाट्या एकेक करून वाकून बघितल्या. मग म्हणाल्या, "ये बात तो सही है." आणि बादली घेऊन घरी गेल्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही.

संध्याकाळी प्रकाश आला. मी त्याला समोर बसवलं. एक चमचा पातेल्याचा, एक माझ्या तोंडाचा. मान डावीकडे, हनुवटी खाली. अख्खी वाटी संपवली, वर दुसरी. तो कान देऊन बसला होता आणि ऐकण्यासारखं काहीच घडलं नाही. सकाळी राहिलेला डबा मग त्याने तिथेच बसून खाल्ला.

बघू

इस्पितळात डॉक्टरांनी छाती ऐकली, फोटो बघितला. "साफ आहे," ते म्हणाले. "काय केलंत?"

"चमचा बदलला."

नळीचा विषय त्यांनी काढला नाही. मी मात्र काढला. "तुम्ही बघू म्हणाला होतात. बघितलंत?" ते हसले. मॅडमनी सगळं विचारून घेतलं, पुढच्या पेशंटना सांगते म्हणाल्या. कांजी वाटीत थोडी-थोडीच घ्यायची आणि वाढायचा चमचा तोंडाला लावायचा नाही, हे त्यांनी माझ्यासमोरच एका बाईंच्या मुलाला सांगितलं.

त्यानंतरही पुष्कळ महिने गेले. ते इथे मांडत नाही, कारण त्यात रोज तेच होतं. खळीचा चहा, वळवलेली मान, मधूनच निराशा, मधूनच शिव्या. शाळेत परत गेले. आवाज पहिल्यासारखा आला नाही. आता मला वर्गावर शोधावं लागतं. पण मुलं पूर्वीपेक्षा शांत बसतात, कारण बाई काय म्हणतात ते ऐकू यायला हवं.

मग एक दिवस मॅडमनी साधं पाणी चमच्याने घालून बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "आता घरी पेल्याने प्या. एकेक घोट. ताठ बसून, मान वळवून."

मी आणि प्रकाश स्टेशनवरून रिक्षाने घरी आलो. दार उघडून मी थेट स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला. नळ कोरडा. पिंप कोरडं. सासूबाई म्हणाल्या, "टँकर आलाच न्हाय गो आज. हंड्यातलं होतं नव्हतं त्ये सकाळी सपलं." इतके महिने पाणी बंद, आणि चालू झालं त्या दिवशी घरात थेंब नाही. मी खाली बसले आणि हसू की रडू ते कळेना.

प्रकाशने समोरचं दार वाजवलं. हंसाबेन आल्या त्या हातात त्यांच्या माठातलं पाणी घेऊन. स्टीलच्या पेल्यात. पेल्यावर त्यांच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं.

"लो. धीरे धीरे."

मी ताठ बसले. मान डावीकडे, हनुवटी खाली. पेला ओठाला लावला, चांगला टेकवून लावला. पाणी गार होतं. गढूळ नव्हतं. पहिला घोट उतरला. दुसरा उतरला. तिसऱ्यानंतर सासूबाई डोळे पुसायला लागल्या. चौथा घोट घ्यायला मी पेला उचलला, पाणी तोंडात घेतलं आणि पेला खाली ठेवला. हंसाबेननी तो चटकन उचलला, मान मागे टाकली आणि उरलेलं पाणी वरून, ओठ अजिबात न लावता, घटाघटा पिऊन टाकलं.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी पदराने हनुवटी पुसली.

"क्या देखते हो? पानी फेंकने का नहीं. टँकर आज आया नहीं."

मला हसू फुटलं. पाणी अजून तोंडात होतं. हसता हसताच ते गिळलं, आणि ठसका लागला नाही.